खराबी मधी हाय

दाजींच्या गाडीत पुढच्या सीटवर बसणाऱ्यानं आधी पाय कुठं ठेवायचे ते विचारून घ्यायचं असतं. पायाखाली वायर असते. ती लायटरच्या भोकातून निघते, हँडब्रेकला एक वेढा घालते, डॅशबोर्डच्या खणात शिरते, तिथून भलत्याच रंगाची होऊन बाहेर येते आणि डेकच्या तोंडात जाते. "उजवा पाय तेवढा अधांतरी धर," दाजी सांगतात. "लोह्यापर्यंतच. पुढं रोड चांगला हाय." रस्त्याचा आणि पायाचा संबंध काय, हे कुणी विचारत नाही. आम्ही त्यांच्या सासरची माणसं. लातूरच्या आमच्या घरात दाजींना प्रश्न विचारायची पद्धत नाही, त्यांची उत्तरं ऐकायची आहे.

दाजी नांदेडचे. गाडी मारुती 800, एमएच 26. नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली. भूकरमापक म्हणून लागले आणि निमतानदार होऊन निवृत्त झाले. म्हणजे आयुष्यभर दोन रानांच्या मधे उभे राहिले. हद्द कायम मोजणीला गेलं की एका बाजूनं थोरला भाऊ शिव्या देतो, दुसऱ्या बाजूनं धाकटा देतो, आणि मधे साखळी धरून दाजी. ह्या उभं राहण्यातून त्यांना एक ज्ञान झालं: "रान ह्याचं बी चांगलं असतंय, त्याचं बी चांगलं असतंय. भांडण बांधात असतंय." निवृत्तीनंतर बांध संपले, पण ज्ञान शिल्लक राहिलं. ते कुठंतरी वापरायला हवं होतं. तेवढ्यात मुलानं त्यांना एक आयपॉड दिला.

"डेक जपानचा हाय, त्याला काय धाड भरली? प्लेयर अमेरिकेचा हाय, त्याच्याबद्दल बोलायचंच काम न्हाई," दाजी म्हणतात. "खराबी मधी हाय."

आता, हे एकट्या दाजींचं वर्णन आहे असं समजू नका. नांदेडला वजिराबादेत किंवा लातूरला गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एखाद्या रस्त्यावर, संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन उभे राहा. पन्नाशी उलटलेला, शर्टाच्या खिशात टेस्टर लावलेला एक गृहस्थ तिथं हमखास असतो. त्याच्या हातात कागदाच्या पुडीत वायरचा एक तुकडा असतो. तो पुडी उघडतो. "ह्या टोकाला ईपी पिन पाहिजे, त्या टोकाला दोन एव्ही. मागच्या खेपेला दिली तसली नको, ती ढिली बसती." दुकानदाराला वीस रुपयांच्या पिनेपायी अर्धा तास द्यायचा नसतो. तो म्हणतो, "काका, नवा डेकच घ्या की. यूएसबी, ब्लूटूथ सगळं हाय. हजार-बाराशेत बसवून देतो." झालं. गृहस्थाचा चेहरा पडतो. भांडण मिटवायचं असेल तर रानच विकून टाका, असा सल्ला मिळालेला माणूस जसा बघेल तसा तो दुकानदाराकडे बघतो. मग पुडी बांधतो आणि दुसऱ्या दुकानात जातो. नवा डेक घेण्याची ऐपत त्याला असते. बहुतेक वेळा दुकानदारापेक्षा जास्त असते. पण नव्या डेकात काही जोडावंच लागत नाही, आणि जोडायचं नसेल तर गाडीत गाणं कशाला वाजवायचं?

ह्या मंडळींची एक भाषा असते. साडेतीन मिलिमीटरची ती ईपी. माइकची जाड ती पी 38. लाल-पांढऱ्या टोप्यांच्या त्या एव्ही. पिनेला मेल आणि तिच्या भोकाला फिमेल म्हणतात. पण सासूबाई समोर बसलेल्या असल्या तर दाजी "आतली" आणि "बाहेरची" म्हणतात. तेवढं सोवळं ते पाळतात.

डेकचीही एक कुळकथा आहे. मारुतीच्या साध्या मॉडेलात त्या काळी डॅशबोर्डवर रिकामी खाच असायची, तिच्यात काय बसवायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. दाजींनी डेक हैदराबादहून आणला. नांदेडकर 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या राज्यातून सुटला. हैदराबादच्या खरेदीतून मात्र तो अजून सुटलेला नाही. लग्नाचा बस्ता असो, मोत्यांचा सर असो की रेडिओचा पार्ट असो, रात्रीची रेल्वे धरायची आणि सकाळी तिकडं उतरायचं. कोठीच्या गुजराती गल्लीत दाजींना हा डेक मिळाला. जपानमधल्या कुठल्या तरी गाडीतून काढलेला, ऑटो-रिव्हर्स, बटणांवर जपानी अक्षरं. कुठलं बटण कशाचं हे समजून घेण्यात दाजींचे दोन-तीन महिने अत्यंत आनंदात गेले.

एक गोष्ट मात्र समजली नाही. रेडिओ लावला की एफएमवर एकही केंद्र लागायचं नाही. नुसती खरखर. दाजींनी एरियल बदललं, उंच केलं, एकदा टपावर तांब्याची तार आडवी बांधली. दोष अर्थातच मधे शोधला गेला. खरी गोष्ट अशी होती की जपानचा एफएम पट्टा तेव्हा 76 ते 90 मेगाहर्ट्झ, आणि आपल्याकडची बहुतेक केंद्रं नव्वदच्या वर. आकाशवाणी नांदेड घरातल्या साध्या रेडिओवर खणखणीत लागायची, पण ह्या डेकच्या दृष्टीनं ती जगातच नव्हती. ह्या एका प्रकरणात खराबी मधे नव्हती. दाजींनी ते मान्य केलं नाही, फक्त रेडिओ लावणं सोडून दिलं.

मग कॅसेटी. फिलिप्स कंपनीनं 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही कॅसेट मांडली, पण ती आपल्या तालुक्याच्या गावांपर्यंत खरी पोचली ऐंशीच्या दशकात, टी-सीरीजच्या स्वस्त मालामुळं. दाजींकडे दोन खोकी भरून होत्या: तलत महमूद, मन्ना डे, प्रल्हाद शिंदे, आणि त्यांच्या बायकोसाठी, म्हणजे आमच्या अक्कासाठी, बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ. (अडकलेलं रीळ आणि पेन्सिल ह्याबद्दल मी काही सांगणार नाही. ते महाराष्ट्रातल्या प्रत्येकानं एकदा सांगून झालेलं आहे.) नांदेडच्या मे महिन्यात काच बंद करून गाडी उन्हात लावली की डॅशबोर्डवरची कॅसेट पापडासारखी वाकडी व्हायची. तलत आधीच कापऱ्या गळ्याचा. त्यातला कंप गायकाचा किती आणि उन्हाचा किती, हे फक्त दाजी ओळखायचे आणि दोन्हींना सारखीच दाद द्यायचे.

ह्या सुखात आयपॉड आला. माझा भाचा पुण्यात आयटीत. त्यानं नवा फोन घेतला आणि जुना आयपॉड वडिलांना दिला. 2001 च्या ऑक्टोबरात ॲपलनं हे यंत्र आणलं तेव्हा हजार गाणी खिशात मावतात अशी त्याची जाहिरात होती. दाजींनी हे ऐकून घेतलं आणि सगळ्या जगाला पडायला हवा होता तो प्रश्न विचारला: "खिशात मावतेत, कबूल. पण खिशातून डेकात कसे जातेत?"

पहिला उपाय म्हणजे कॅसेटचं सोंग. दिसायला कॅसेट, आत रीळ नाही. जिथं रीळ हेडला घासतं तिथं एक छोटी गुंडाळी बसवलेली, आणि ढुंगणातून एक वायर बाहेर आलेली. वायर आयपॉडला लावायची आणि सोंग डेकात घालायचं. गाण्याचा करंट गुंडाळीत चुंबक तयार करतो आणि डेकचं हेड ते चुंबक वाचतं. हेडला वाटतं, रीळ चाललंय. दाजींना हा प्रकार बेहद्द आवडला, कारण मधे कुठंही तार तारेला जोडलेली नव्हती. गाणं बांधावरून उडी मारून पलीकडच्या रानात जात होतं.

पण डेक पडला ऑटो-रिव्हर्स. सोंगातले दाते जरा जड फिरले की त्याला वाटायचं बाजू संपली, आणि तो खट्‌कन दुसऱ्या बाजूला जायचा. गुंडाळी एकाच बाजूला, त्यामुळं दुसऱ्या बाजूला शांतता. पाच सेकंदांनी पुन्हा खट्. हरिपाठाचं अर्धं चरण, खट्, शांतता, खट्, पुढचं अर्धं. अक्का देवभोळी, पण हिशेबी. ती म्हणाली, "अहो, ह्यात निम्मं पुण्य कमी पडायलंय." दाजींनी दात्यांना शिलाई मशीनचं तेल घातलं. मग दाते इतके हलके झाले की कॅसेट काढल्यावरही फिरत राहिले, आणि तेल हेडवर गेलं. त्यानंतर काही आठवडे तलत, मन्ना डे आणि सातारकर महाराज सगळेच तोंडावर उपरणं धरून गात होते.

दुसरा उपाय एफएम मॉड्युलेटर. लायटरच्या भोकात खोचायचा. तो प्लेयरमधलं गाणं घेतो आणि गाडीतल्या गाडीत एवढंसं आकाशवाणी केंद्र चालवतो. रेडिओवर तो आकडा लावला की गाणं ऐकू येतं. इथं डेकचा जपानी जन्म कामाला आला. नव्वदच्या खालचा सगळा पट्टा ओसाड. दाजींनी 88 च्या आसपास आपली वस्ती केली आणि आवाज असा निर्मळ आला की त्यांनी गाडी विष्णुपुरीजवळ बाजूला घेऊन अक्काला ऐकवला. अक्का मागंच बसलेली होती, तरी ऐकवला.

अडचण आली माळेगावला. नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्याच्या पुढं खंडोबाचं हे ठाणं. मार्गशीर्ष अखेरीला इथली यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड, लावणीचे कार्यक्रम. त्या दिवसांत रस्त्यावर गाडी पुढं सरकत नाही. अशा गर्दीत हरिपाठ रंगात आला असताना एकदम त्याच्यातून ढोलकी वाजायला लागली. मग घुंगरू. मग एक बाई काहीतरी असं म्हणाली की अक्कानं पदर तोंडाला लावला. शेजारी एक क्रूझर जीप उभी होती, आत वीसेक पोरं, आणि त्यांच्याकडेही तसलाच मॉड्युलेटर, तोच आकडा. ही यंत्रं कारखान्यातून निघताना ज्या आकड्यावर लावलेली असतात त्यावरून सहसा कुणी हलवत नाही. क्रूझर सहा इंच पुढं गेली की महाराज, मागं आली की लावणी. मजा म्हणजे तिकडंही हेच होत होतं. जीपमधल्या पोरांनी बेंबीच्या देठापासून ओरडणं थांबवलं आणि एकमेकांकडे बघायला लागली. त्यातलं एक पोरगं खिडकीतून डोकं काढून म्हणालं, "काका, तुमचे महाराज आमच्यात यायलेत." दाजी काच खाली करून शांतपणे म्हणाले, "तुमची बाई बी आमच्यात यायली. दोघं बी चांगले हायेत. मधी अंतर कमी पडायलंय."

तिसऱ्या उपायानं मात्र दाजींचं नाव झालं. त्यांनी डेक उघडला. नांदेडच्या एका मेकॅनिककडे दुपारची झोप सोडून बसले आणि आवाजाच्या बटणाच्या पाठीमागं, जिथं हेडकडून आलेला नाजूक सिग्नल ॲम्प्लिफायरला मिळतो, तिथं वायर डागून एक फिमेल पिन बाहेर काढली. आता प्लेयर सरळ डेकच्या रक्तवाहिनीत. आयपॉडच्या बाजूनंही त्यांनी हेडफोनचं भोक नाकारलं. खाली जे लांबट 30 पिनांचं तोंड असतं तिथून आवाज कच्चा निघतो, व्हॉल्यूम कमीजास्त केला तरी त्याच्यावर परिणाम होत नाही, ही माहिती ते लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला भात वाढून होईपर्यंत सांगतात. शेजारचा मान हलवतो. मठ्ठा मागतो.

एकच गोम होती. डेकनं टेपचा करंट सुरू ठेवावा म्हणून आत कॅसेट फिरत असल्याची त्याची खात्री पटवावी लागायची. हरिपाठाची कॅसेट द्यायला अक्का तयार नव्हती, तलत द्यायला दाजी. शेवटी एका निवडणुकीत फुकट वाटलेली प्रचाराची कॅसेट सापडली. दाजींनी तिचं रीळ उपसून काढलं आणि मोकळी चाकं डेकात घातली. उमेदवाराचं भाषण गेलं, फिरणं चालू राहिलं. (उमेदवार निवडून आला होता.)

आवाज उत्तम आला. गाडी सुरू केली आणि गाण्याच्या मागं एक शिट्टी सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबला, शिट्टी चढली. पाय काढला, उतरली. हे कशानं होतं ते सांगतो, कारण जुन्या गाडीत प्लेयर जोडणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबात ही शिट्टी आहे. प्लेयरला चार्जिंग लायटरमधून, म्हणजे गाडीच्या बॅटरीवरून. आवाजाची वायर डेकला, आणि डेकही त्याच बॅटरीवर. म्हणजे अर्थिंगच्या वाटा दोन झाल्या, आणि त्या दोन्ही मिळून एक वेटोळं तयार झालं. इंजिनवर फिरणाऱ्या अल्टरनेटरचा करंट काही अगदी सपाट नसतो. त्याच्या लहरी ह्या वेटोळ्यात शिरतात आणि स्पीकरमधून गातात. इंजिन जितकं जोरात तितकी पट्टी वर. उपाय सोपा आहे: मधे आयसोलेटर नावाची काड्यापेटीएवढी डबी घालायची. तिच्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकातून पलीकडे जातो, तार तुटलेली राहते. प्लेयरचं चार्जिंग काढलं तरी शिट्टी बंद होते. त्या सोंगाच्या कॅसेटला हा रोग झाला नव्हता तो तिथंही तार तुटलेली असल्यामुळंच.

भाच्यानं पुण्याहून आयसोलेटर पाठवला. दाजींनी लावला. शिट्टी गेली. आणि आठवड्याच्या आत दाजींनी तो काढून टाकला.

त्याचं असं आहे की मारुतीचा स्पीडोमीटर केबलवर चालतो आणि दाजींची केबल कधीच तुटलेली होती. काटा शून्यावर. दाजी सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा रस्ता शून्याच्या वेगानं कापायचे. मधल्या काळात शिट्टी हाच त्यांचा काटा झाला होता. लहानपणी गावच्या भजनात पेटी वाजवलेली असल्यामुळं त्यांना पट्ट्या ठाऊक. "चौथ्या गेरात काळी दोन लागली की साठ," ते सांगायचे. "पांढरी पाचच्या वर जायचं न्हाई, बोनेट हलतंय." आयसोलेटर बसला आणि गाडी मुकी झाली. "आता किती पळायली तेच कळंना," म्हणून दाजींनी तो काढला. अक्कानंही दुजोरा दिला. तिचं म्हणणं, शिट्टी असली की हरिपाठ म्हणताना सूर धरायला बरं पडतं. फक्त ट्रकला ओव्हरटेक करताना तिला पट्टी बदलावी लागायची, आणि ती बिचारी बदलायची. शिरूर ताजबंदच्या चढावर ती किती वर जाते ते मी स्वतः ऐकलेलं आहे.

केबल शंभर-दीडशे रुपयांत मिळते. हे त्यांना कुणी सांगितलं नाही असं नाही.

दाजींचा एक नियम आहे: गाणं गाडी बंद असतानाही ऐकता आलं पाहिजे. डेकच्या मागं दोन वायरी असतात. पिवळीला बॅटरीचा करंट कायम, तिच्यावर डेकची आठवण चालते. लालला चावी फिरवल्यावरचा. दाजींनी दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला दिल्या. चावीची सत्ता संपवली. त्यानंतर आमच्याकडे एका साखरपुड्याला ते आदल्या रात्री आले, अंगणात गाडी लावली, आयपॉड खिशात घालून झोपायला गेले. डेक बंद करायचा राहिला. रात्रभर प्रचाराची कॅसेट अंधारात फिरत होती. सकाळी बॅटरीत एक थेंब शिल्लक नाही आणि दाजींना नवरीकडच्यांना आणायला जायचं.

गल्लीतल्या लोकांनी धक्का दिला. एमएच 26 ची पाटी बघून एक शेजारी म्हणाले, "नांदेडची गाडी लातूरच्या धक्क्याबिगर निघंना का?" इथून विषय आयुक्तालयावर गेला. लातूर आणि नांदेडची माणसं एकत्र आली की विषय तिकडं जातोच. 2009 साली नव्या महसूल विभागाचं मुख्यालय नांदेडला करायचं ठरलं आणि लातूरकर रस्त्यावर उतरले. तसे मुख्यमंत्री दोन्हीकडं दोन-दोन झालेले: तिकडं शंकरराव आणि अशोकराव चव्हाण, इकडं निलंगेकर आणि विलासराव. हिशेब बरोबरीचा. पण आयुक्तालयाचे दोन तुकडे करता येत नाहीत. त्यामुळं ते अजून छत्रपती संभाजीनगरलाच आहे, आणि ह्या दोन शहरांना जोडणारी सरळ रेल्वेही नाही. परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा घालून यावं लागतं, आणि लातूर रोड नावाचं स्टेशन लातुरात नाही हे नवख्याला उतरल्यावर कळतं.

दाजी स्टिअरिंगवर, बाकी सगळे मागं घामाघूम. तरी त्यांनी खिडकीतून निवाडा दिला. "नांदेड बी चांगलं, लातूर बी चांगलं. मधी करा. अहमदपूरला."

"अहमदपूर आमच्याच जिल्ह्यात हाय," शेजारी म्हणाले. "मंजूर!"

दाजींची चूक त्यांच्या लक्षात आली. एवढी वर्षं हद्दी मोजलेला माणूस. "मग लोह्याला," ते म्हणाले. लोहा नांदेड जिल्ह्यात. धक्का देणाऱ्यांनी हात काढून घेतले. गाडी चौकात आडवी उभी. शेवटी आमच्या वडिलांना बाहेर येऊन, आयुक्तालयाचं नंतर बघू, आधी नवरी आणू, असं सांगावं लागलं.

अशा माणसाला अलीकडे मोठाच धक्का बसला. भाच्यानं नवी गाडी घेतली. तो आई-वडिलांना घेऊन लातूरला निघाला. मीही नांदेडला कामाला गेलो होतो, तर त्यांच्याबरोबर बसलो. पुढं पाय ठेवायला भरपूर जागा. पायाखाली काहीच नाही. दाजींनी पहिली दहा मिनिटं डॅशबोर्ड हातानं चाचपला. पिनेसाठी भोक नाही. कॅसेटसाठी तोंड नाही. लायटरसुद्धा नाही.

"वायर कुठून घेतलास?"

"बाबा, वायर नाही. ब्लूटूथ आहे. आईचा फोन जोडलाय."

"मधी काय हाय?"

"मधे काहीच नाही."

"काहीच न्हाई?" दाजी जरा वेळ गप्प बसले. "मग खराबी आल्यावर बघायचं कुठं?"

ह्यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. अक्काच्या फोनमधून हरिपाठ सुरू झाला. खट् नाही, शिट्टी नाही, लावणी नाही. सोनखेड गेलं, लोहा गेलं, माळाकोळी गेली. दाजी हात मांडीवर ठेवून परक्याच्या घरी बसल्यासारखे बसले होते. अहमदपूर जवळ आलं तसा हरिपाठ मधेच थांबला आणि चारही स्पीकरमधून आमच्या आईचा आवाज आला. तिनं लातूरहून फोन लावला होता आणि भाच्यानं गाडी चालवता चालवता बटण दाबलं होतं.

"अगं निघालाव का न्हाई? आन ऐक, जावाईबापू यायलेत का संगं?"

अक्का "आई, आई" म्हणत फोन शोधायला लागली. फोन पिशवीत, पिशवी डिकीत.

"मागच्या खेपेला माझ्या टीव्हीच्या मागं हात घातला त्यांनी," आवाज पुढं म्हणाला. "तवापासून मालिका दिसती, ऐकू येत न्हाई. बाया नुसतं तोंड हलवायल्यात. ह्या खेपेला टेस्टर नांदेडलाच ठेवून या म्हणावं. माणूस सोन्यासारखा हाय गं, मी न्हाई म्हणत न्हाई. पण वायर दिसली की त्याचं डोकं ठिकाणावर राहत न्हाई. त्या डबड्या गाडीत बसून तुझं आयुष्य गेलं माय."

भाच्यानं स्टिअरिंगवरचं दिसेल ते बटण दाबलं. आवाज मोठा झाला. आईनं आमच्या एका चुलत जावयाचाही थोडा समाचार घेतला, मग "ठेवते" म्हणून ठेवला आणि हरिपाठ जिथं थांबला होता तिथून पुन्हा सुरू झाला.

गाडीत कुणी कुणाकडे बघेना. अक्का खिडकीबाहेर सोयाबीनचं रान बघत होती. मी पाय कुठं ठेवावेत ह्याचा विचार करत होतो. चाकूर आलं तरी कुणी बोललं नाही. मग दाजींनी घसा साफ केला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आवाज किती क्लियर आला बघितलास का? लातूरहून. एक खरखर न्हाई."